सगळा पत्त्याचा लोचा!

नेट गेलं की राउटर बंद-चालू करण्यापलीकडे आपण काय करतो? पुढच्या वेळी आधी कॉम्प्युटरला त्याचा पत्ता विचारून बघा. अर्धं उत्तर तिथेच असतं.

सोमवारी सकाळी दहाचा कॉल, आणि नऊ पंचावन्नला घरचं नेट गुल. घरून काम करणाऱ्या प्रत्येकानं हा अनुभव घेतलाय, आणि त्यानंतरचा विधीही ठरलेला आहे. वायफाय बंद-चालू. राउटर बंद, मनात दहा आकडे, पुन्हा चालू. लॅपटॉप रीस्टार्ट. मग मोबाइलचा हॉटस्पॉट, आणि शेवटी कस्टमर केअर. तिथे मराठीसाठी तीन दाबा, तक्रारीसाठी दोन दाबा करत पंधरा मिनिटं गेली की एक मंजुळ आवाज विचारतो, ‘मॅम, राउटर एकदा बंद करून चालू केला होता का?’

हा विधी अगदीच टाकाऊ नाही. पुष्कळदा नेट येतंही. पण ते कशानं गेलं होतं आणि कशानं आलं, हे काही कळत नाही. त्यामुळे पुढच्या वेळी आपण पुन्हा तिथेच. आणि नाही आलं, तर पुढे काय करायचं याचा पत्ताच नसतो. माझं म्हणणं इतकंच, की हा पत्ताच आधी शोधायचा.

मी इंजिनीअर नाही. हिंजवडीतल्या एका कंपनीत पेरोल बघते, म्हणजे लोकांचे पगार करते. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा महिनाअखेर तोंडावर आली होती आणि सगळ्यांचे पगार माझ्या वाकडच्या वन बीएचकेतून करायचे होते. नेट गेलं की पगार अडकणार, आणि तेही अशा महिन्यात! त्या धास्तीपोटी जे काय शिकले, त्याच्या जोरावर आज मी आमच्या विंगची बिनपगारी नेट-डॉक्टर आहे. (चहा मिळतो. कधी कधी पोहे.) माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो. ‘लाइट लागलेत का?’ हा नाही. ‘पत्ता काय दाखवतोय?’ हा.

पत्ता बघायचा कुठे?

विंडोजच्या मशीनवर विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबा, आलेल्या चौकटीत सीएमडी टाइप करून एंटर मारा. एक काळी खिडकी उघडेल. घाबरू नका, हॅकिंग वगैरे काही करायचं नाहीये. तिथे ‘आयपीकॉन्फिग’ हा शब्द इंग्रजीत, सलग, मध्ये जागा न सोडता टाइप करून एंटर. पडद्यावर भरपूर मजकूर येईल, पण त्यातल्या दोनच ओळी आपल्या कामाच्या. एक ‘आयपीव्ही४ अ‍ॅड्रेस’ आणि दुसरी ‘डिफॉल्ट गेटवे’. पहिला तुमच्या कॉम्प्युटरचा पत्ता, दुसरा तुमच्या नेटच्या दाराचा, म्हणजे राउटरचा. मॅकवाल्यांनी सिस्टिम सेटिंग्ज, मग वायफाय, मग डिटेल्स, मग टीसीपी/आयपी असं जायचं.

पत्ता म्हणजे चार आकडे, मध्ये टिंबं. प्रत्येक आकडा ० ते २५५ मधला. बस्स. आता हे आकडे काय बोलतात ते बघू.

१६९.२५४ : फुटपाथवरची पथारी

पत्ता १६९.२५४ नं सुरू होत असेल, तर समजायचं की तुमच्या कॉम्प्युटरला कोणीही पत्ता दिलेला नाही. त्यानं तो स्वतःच लावून घेतलाय.

झालंय काय, की कॉम्प्युटर नेटवर्कमध्ये शिरला की तो मोठ्यानं ओरडतो, ‘मला कोणी पत्ता देता का?’ घरातला राउटर ते ऐकतो आणि आपल्या खिशातला एक रिकामा पत्ता त्याला देतो. कायमचा नाही, भाड्यानं. याला ‘लीज’ असंच म्हणतात. आपला घरमालक अकरा महिन्यांचा करार करतो, बरेच राउटर एक दिवसाचाच करतात आणि मुदत संपायच्या आत गुपचूप वाढवतात. या देण्याघेण्याच्या पद्धतीचं नाव डीएचसीपी. १९९३ पासून ती आहे. त्याआधी प्रत्येक मशीनचा पत्ता कुणीतरी हातानं टाइप करायचा.

आता कॉम्प्युटर ओरडला, पण उत्तरच आलं नाही तर? विंडोज ९८ पासून अशा वेळी विंडोज स्वतःच १६९.२५४ च्या गटातला एखादा पत्ता उचलून लावते. म्हणजे घर मिळेना म्हणून फुटपाथवर पथारी पसरली. शेजारच्या पथारीवाल्याशी गप्पा मारता येतील, पण त्या पत्त्यावर पोस्टमन येणार नाही. इंटरनेट तर नाहीच.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. घरात राउटर आहे आणि पत्ता १६९.२५४ दिसतोय, तर कस्टमर केअरला फोन करणं म्हणजे वेळेची नासाडी. प्रॉब्लेम तुमच्या घराच्या चार भिंतींच्या आत आहे. त्याच वायफायवर मोबाइल चालतोय का बघा. चालत असेल तर राउटर बिचारा ठीक आहे, भानगड कॉम्प्युटरची. घरातल्या कुठल्याच मशीनला पत्ता मिळत नसेल तर राउटर अडकलाय, आणि आता मात्र तो बंद-चालू करणं हाच खरा इलाज आहे.

आमच्या मजल्यावरच्या काकांचं उदाहरण सांगते. काका रिटायर्ड, पण शेअर मार्केट सुरू व्हायच्या आत, सव्वानऊला डेस्कटॉपसमोर हजर. एके दिवशी नेट नाही. कंपनीनं सांगितलं, दोन दिवसांनी माणूस पाठवतो. काकांचे हातपाय गार, कारण आदल्या दिवशी काहीतरी विकायचं राहिलं होतं. मी बघितलं तर १६९.२५४. काकूंच्या मोबाइलवर मात्र त्याच राउटरवरून कीर्तन झकास सुरू. मग टेबलाखाली शिरले. केबलच्या टोकाच्या त्या पारदर्शक पिनेला एक चिमुकली प्लास्टिकची खिट्टी असते ना, ती तुटलेली. रोजच्या झाडूच्या धक्क्यानं पिन अर्धी बाहेर आलेली. पूर्ण निघाली असती तर विंडोजनं सरळ ‘मीडिया डिस्कनेक्टेड’ म्हणून सांगितलं असतं. अर्धवट अडकल्यामुळे वायर लागली आहे असं वाटत होतं, पण निरोप पलीकडे जात नव्हता. नवी केबल आणली, कामच झालं. काकांनी काय विकलं ते सांगितलं नाही, पण पोहे आले.

वायर शाबूत असेल तर त्याच काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग, एक जागा, स्लॅश आणि ‘रिलीज’, एंटर, मग तसंच ‘रिन्यू’. म्हणजे जुना करार मोडा, नवा करा. तरीही नाही झालं तर अँटिव्हायरस किंवा जुना व्हीपीएन मध्ये तंगडी घालून बसलेला असू शकतो.

राउटर नसलेल्यांची गोष्ट वेगळी. लोकल केबलवाला अजूनही काही ठिकाणी वायर थेट कॉम्प्युटरमध्ये देतो आणि तुमच्या नेटवर्क कार्डचा जन्मजात नंबर, ज्याला मॅक अ‍ॅड्रेस म्हणतात, तो आपल्याकडे लिहून ठेवतो. नवा लॅपटॉप घेतला की नंबर बदलतो आणि केबलवाल्याचं मशीन तुम्हाला ओळखच देत नाही. त्याला फोन करून नवा नंबर द्यायचा, किंवा राउटर घेऊन त्याच्या ‘मॅक क्लोन’मध्ये जुना नंबर टाकायचा. पीजीत राहणाऱ्यांनीही हे वाचून ठेवा. अँड्रॉइड १० पासून (२०१९) आणि आयफोनच्या आयओएस १४ पासून (२०२०) फोन वायफायला आपला खरा नंबर न सांगता बनावट नंबर सांगतात. प्रायव्हसीसाठी चांगलंच आहे, पण पीजीच्या मालकानं नंबर लावून वायफाय दिलं असेल तर फोन दारातच अडतो. त्या एका वायफायपुरती ही सोय बंद करता येते.

१९२.१६८ : घरात सगळं ठीक

पत्ता १९२.१६८ नं सुरू होतोय? मग राउटरनं रीतसर पत्ता दिलाय. घरातलं घर ठीक आहे. गंमत म्हणजे तुमचा पत्ता १९२.१६८.१.५ असेल, तर काकांचाही तोच असू शकतो आणि नागपुरातल्या तुमच्या मावशीचाही. फेब्रुवारी १९९६ मध्ये इंटरनेटच्या कर्त्यासवरत्यांनी १०, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ हे तीन गट खासगी वापरासाठी बाजूला काढले. कुणीही घरात वापरा, बाहेर चालणार नाहीत. प्रत्येक बिल्डिंगमध्ये एक फ्लॅट नंबर १०१ असतो, तसंच हे.

मग बाहेरचं जग आपल्याला ओळखतं कसं? सोसायटीचा वॉचमन आठवा. बाहेरच्यांसाठी सोसायटीचा पत्ता एकच. ३०४ नं पिझ्झा मागवला, की वॉचमन वहीत लिहितो. पिझ्झा आला, वही बघितली, वर पाठवला. तुमचा राउटर हेच करतो. बाहेर स्वतःचा एकच पत्ता दाखवतो आणि आत कुणी काय मागवलं याची वही ठेवतो. हा वॉचमन नीट लक्षात ठेवा, पुढे मिरजेत लागणार आहे.

तर, घर ठीक आणि तरी नेट नाही, म्हणजे पुढचा संशयित राउटर आणि त्याच्या पलीकडची लाइन. काळ्या खिडकीत ‘पिंग’ टाइप करा, जागा सोडा आणि गेटवेचा आकडा टाका. उत्तर आलं, तर राउटरपर्यंत रस्ता मोकळा. मग फायबरच्या डबीवरचा एलओएस नावाचा दिवा बघा. तो लाल झाला असेल तर काचेच्या तारेतून उजेडच येत नाहीये. कुठेतरी खोदकाम झालंय किंवा तुमच्याच सोफ्यामागे ती तार काटकोनात मुडपली आहे. काचेची आहे ती, पायपुसण्याखालून नेऊ नका.

लाल दिवा नाही, पण राउटरला बाहेरचा पत्ता मिळत नाही? बऱ्याच ठिकाणी राउटरला कंपनीकडे युजरनेम-पासवर्ड देऊन आत शिरावं लागतं. ब्रॉडबँडच्या सुरुवातीच्या काळात थेट कॉम्प्युटरवरून डायल करणाऱ्यांना एरर ६९१ नक्की आठवेल. पासवर्ड चुकला, असा त्याचा सरळ अर्थ. ६७८ म्हणजे पलीकडून कुणी फोनच उचलत नाहीये. हल्ली हे सगळं राउटरच्या पोटात होतं, त्यामुळे दिसत नाही. म्हणूनच ती टाचणी घालायची मागची बारीक भोकं दिसली की हात शिवशिवले तरी आवरा. रिसेट केलं की कंपनीनं भरलेला युजरनेम-पासवर्डही पुसला जाऊ शकतो, आणि रविवार असेल तर सोमवारपर्यंत बसा. बंद-चालू वेगळं, रिसेट वेगळं. निदान आधी सेटिंगच्या पानांचे फोटो काढून ठेवा.

आणखी एक नेहमीचा लोचा म्हणजे डीएनएस. पिंग करून ८.८.८.८ टाकलं तर उत्तर येतंय, पण बँकेची साइट उघडत नाही. म्हणजे रस्ता आहे, फक्त नावावरून पत्ता सांगणारा माणूस जागेवर नाही. साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणारी ही डिरेक्टरी १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी बनवली. तुमच्या नेट कंपनीची डिरेक्टरी झोपली असेल तर दुसऱ्याची वापरता येते. गुगलची ८.८.८.८ डिसेंबर २००९ मध्ये आली, क्लाउडफ्लेअरची १.१.१.१ एप्रिल २०१८ मध्ये. राउटरमध्ये किंवा कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये हे आकडे टाकले की झालं. माझ्या महिनाअखेरीच्या धावपळीत मला सगळ्यात जास्त वेळा वाचवलंय ते यानंच.

एक पत्ता, दोन मालक

ऑफिसवाल्यांसाठी खास प्रकार आता येतो. माझी एक मैत्रीण दुसऱ्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे. ३१ मार्चची रात्र. घरचं नेट टकाटक, ऑफिसचा व्हीपीएन हिरवा, व्हिडिओ कॉल सुरू, पण ऑफिसचा फाइल सर्व्हर काही उघडेना. आयटीवाला म्हणतो, ‘आमच्याकडून सगळं ओके.’ ही म्हणते, ‘माझ्याकडूनही ओके.’ दोघंही खरंच बोलत होते. साडेदहाला मला फोन.

ऑफिसच्या सर्व्हरचा पत्ता होता १९२.१६८.१.१०. आणि तिच्या घरातल्या प्रिंटरचाही १९२.१६८.१.१०! दुकानातून आणलेल्या कितीतरी राउटरचा गट मुळातच १९२.१६८.१ असतो, आणि तिच्या ऑफिसनंही तोच ठेवला होता. लॅपटॉपनं विचार केला, हा पत्ता तर आपल्याच घरातला दिसतोय, व्हीपीएनच्या बोगद्यातून कशाला जायचं? आणि तो सर्व्हर समजून रात्रभर प्रिंटरचं दार वाजवत बसला. मी तिला राउटरच्या पानावर जाऊन घरचा गट बदलून १९२.१६८.५७ करायला सांगितलं. सत्तावन्नच का? काही कारण नाही, सहसा कुणी वापरत नाही म्हणून. राउटर पुन्हा सुरू झाला, घरातल्या सगळ्यांना नवे पत्ते मिळाले आणि पावणेअकराला सर्व्हर उघडला. वर्षअखेरीचे हिशेब बाराच्या आत गेले. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरही चाललं असतं, कारण तिथला गट वेगळा असतो. घरी बंद आणि हॉटस्पॉटवर चालू, असं ऑफिसच्या सर्व्हरचं झालं तर पहिला संशय यावरच घ्या.

याची धाकटी बहीण म्हणजे विंडोजचा ‘आयपी अ‍ॅड्रेस कॉन्फ्लिक्ट’ हा निरोप. एकाच घरात दोघांना एकच पत्ता. बहुतेक वेळा कुणीतरी प्रिंटरला किंवा कॅमेऱ्याला हातानं पक्का पत्ता लावलेला असतो, आणि राउटरला त्याची कल्पना नसल्यानं तो तोच पत्ता दुसऱ्याला भाड्यानं देतो. पक्का पत्ता हवाच असेल तर तो राउटरमध्ये ‘रिझर्व्ह’ करा. बेडरूममध्ये रेंज येत नाही म्हणून आणलेल्या दुसऱ्या राउटरचंही तेच. दोघंही पत्ते वाटायला लागले की घरात दोन वॉचमन आणि दोन वह्या. दुसऱ्याला ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ मोडमध्ये टाका, म्हणजे तो फक्त रेंज देईल.

पत्ता ठीक, गेटवे ठीक, पिंग ठीक आणि तरी ब्राउझर ‘तुमचं कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणून प्रत्येक साइटवर बोंबलतोय? जुन्या डेस्कटॉपचं घड्याळ बघा. मदरबोर्डवरची नाण्यासारखी बॅटरी, सीआर२०३२, संपली की लाइट गेल्यावर मशीन भलत्याच वर्षात जाऊन बसतं. साइटचं सर्टिफिकेट त्या वर्षी जन्मलेलंच नसतं. तारीख दुरुस्त करा, किरकोळ किमतीची बॅटरी बदला. ऑफिसच्या लॅपटॉपवर प्रॉक्सीचं सेटिंग मागे राहून गेलं तरी असाच गोंधळ होतो. यात नेट कंपनीला शिव्या देऊन उपयोग नाही.

मिरजेचा कॅमेरा

आता ज्याच्यामुळे मी हे सगळं लिहायला घेतलं तो किस्सा. २०२३ मध्ये माझ्या आजीचं खुब्याचं ऑपरेशन झालं. आजी एक्क्याऐंशीची. मिरजेच्या घरी आई-बाबा असतात, पण आई शाळेत आणि बाबा दुकानात. दहा ते पाच आजी घरात एकटी, मध्ये फक्त एक बाई येऊन स्वयंपाक करून जाणार. उठताना तोल गेला तर? घरात पूर्वी लावलेले चार कॅमेरे आणि त्यांचा डीव्हीआर होता. अंगणातला एक कॅमेरा आत आणून आजीच्या कॉटकडे वळवला. मी हिंजवडीतून, पगाराच्या शीटच्या शेजारी एका खिडकीत आजी ठेवून काम करायचे. ती उठून वॉकर धरेपर्यंत माझा श्वास अडकलेला असायचा.

दोनच महिन्यांनी घरची जुनी लाइन जाऊन नवीन फायबर आलं. स्पीड दसपट. पण पुण्यातून कॅमेरा दिसेना. ‘डिव्हाइस ऑफलाइन.’ घरात बसून बघितलं तर चारही कॅमेरे चालू! कॅमेरावाला तीनदा येऊन गेला, राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करून गेला. आठवडाभर मी तासातासाला आजीला फोन करायचे, आणि ती फोन घ्यायला म्हणून उठायची. म्हणजे ज्याची भीती, तेच मी तिला करायला लावत होते असं आई म्हणाली, तेव्हा घरात सगळेच वैतागलेले होते.

शेवटी रात्री बाबांना व्हिडिओ कॉलवर बसवलं आणि राउटरचं पान उघडायला लावलं. ‘स्टेटसमध्ये वॅन लिहिलंय, त्याच्यासमोरचा आकडा वाचा.’ बाबांनी चष्मा वर केला. ‘शंभर. टिंब. बहात्तर...’ पुढचं ऐकायची गरजच नव्हती.

राउटरचा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल, तर तुमच्या वॉचमनच्याही बाहेर आणखी एक वॉचमन आहे. मगरपट्ट्यासारखी मोठी टाउनशिप डोळ्यांसमोर आणा. आत अनेक सोसायट्या, प्रत्येकीला आपापला वॉचमन, आणि सगळ्यांना मिळून बाहेरच्या जगासाठी एकच मोठं गेट. नेट कंपनी असंख्य घरांना मिळून एकच खरा पत्ता वापरते. याचं नाव सीजीनॅट. तुम्ही पिझ्झा मागवलात तर दोन्ही वह्यांमध्ये नोंद होते आणि तो येतो. म्हणून सिनेमे, मेल, कॉल सगळं चालतं. पण पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे आपल्या वॉचमनला दिलेली कायमची सूचना, ‘कॅमेऱ्यासाठी कोणी आलं तर सरळ ३०४ ला पाठव.’ पाहुणा जर टाउनशिपच्या गेटवरूनच परत जात असेल, तर आपल्या वॉचमनला कितीही पढवा, त्याला पाहुणा आला होता हेच कळत नाही. कॅमेरावाल्याचे तीनही फेरे त्यातच गेले.

कंपन्या असं का करतात? चोरी किंवा कंजूषपणा म्हणून नाही. चार आकड्यांच्या या पद्धतीत एकूण पत्तेच ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६. जगात माणसंच त्याहून जास्त, आणि आता प्रत्येकाकडे फोन, लॅपटॉप, टीव्ही. ३ फेब्रुवारी २०११ ला जागतिक साठ्यातले शेवटचे पाच मोठे गठ्ठे वाटून झाले. त्याच वर्षी १५ एप्रिलला आशिया-पॅसिफिकला पत्ते देणाऱ्या एपनिक या संस्थेचा साठा तळाला गेला आणि रेशनिंग सुरू झालं. एप्रिल २०१२ मध्ये शंभरचा हा पट्टा, सुमारे ४२ लाख पत्ते, फक्त कंपन्यांच्या या मधल्या कारभारासाठी राखून ठेवला गेला. काही लोकल केबलवाले त्याऐवजी १० नं सुरू होणारे पत्ते देतात. ओळखायची युक्ती सोपी आहे. गुगलवर माझा आयपी काय असं विचारा, आणि राउटरच्या वॅनचा आकडा त्याच्याशी ताडून बघा. दोन्ही वेगळे असतील तर मध्ये कुणीतरी बसलंय.

खरा उपाय म्हणून नवी पद्धत, आयपीव्ही६, कधीच आली आहे. जून २०१२ पासून मोठ्या साइट्सनी ती कायमची सुरू केली. तीत पत्ते म्हणजे ३४० वर ३६ शून्यं. भारत तर ती वापरण्यात जगातल्या आघाडीच्या देशांत आहे, मुख्यतः आपल्या मोबाइल नेटवर्कमुळे. (तुमच्या काळ्या खिडकीत ‘एफई८०’ नं सुरू होणारा लांबलचक पत्ता दिसला तर दचकू नका, तो या पद्धतीतला घरगुती पत्ता आहे आणि नेहमीच असतो.) पण आमच्या डीव्हीआरला ही भाषाच येत नव्हती.

मग उरले दोन रस्ते. कंपनीकडून दरमहा जास्तीचे पैसे भरून स्वतःचा स्टॅटिक आयपी घ्यायचा, किंवा डीव्हीआरची क्यूआर कोडवाली क्लाउड सोय सुरू करायची. तिच्यात डीव्हीआर स्वतःच बाहेर त्याच्या सर्व्हरला फोन लावून लाइन धरून ठेवतो, आणि आपलं अ‍ॅप त्याला तिथे भेटतं. बाहेर जाणाऱ्याला कुठलाच वॉचमन अडवत नाही! आम्ही दुसरा रस्ता घेतला, आणि जुनं पोर्ट फॉरवर्डिंग काढून टाकलं. ते काढल्याचं तर मला जास्त बरं वाटलं. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसनं कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच ठेवलेले असंख्य कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले होते, आणि त्यांच्याच फौजेनं २१ ऑक्टोबरला एका डीएनएस कंपनीवर हल्ला करून अमेरिकेत मोठमोठ्या साइट्स बंद पाडल्या. आमच्या डीव्हीआरचा पासवर्ड तोपर्यंत काय होता, ते बाबांच्या इभ्रतीसाठी लिहीत नाही.

कॅमेरा रात्री अकराला सुरू झाला. दुसऱ्या दिवशी दहा वाजता शीटच्या शेजारी पुन्हा आजी. आता ती काठीवर आलीय आणि तिचे नियमही आलेत. दुपारी दोन ते चार ती कॅमेऱ्यावर नॅपकिन टाकते. त्या वेळात स्क्रीन काळी दिसली, तर मी पिंग करत नाही.